जपानी बाळंतविडा: काय द्यावं, किती द्यावं आणि कधी?

आजचा भाग खास करून जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी. टोकियोच्या निशिकासाईसारख्या भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत, आणि कधी ना कधी ही वेळ येतेच. ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याला मूल होतं, नाहीतर शेजारच्या घरात बाळ येतं. आपल्याला मनापासून काहीतरी द्यायचं असतं, म्हणून आपण जरा भारीतलंच काहीतरी उचलतो. आणि गडबड नेमकी इथेच होते. कशी, ते आज बघू.

जपानीत या भेटीला ‘शुस्सान-इवाई’ म्हणतात. शुस्सान म्हणजे बाळंतपण आणि इवाई म्हणजे शुभप्रसंगाची भेट. थोडक्यात, आपला बाळंतविडाच. पण त्याला एक जोड आहे, ‘उची-इवाई’, म्हणजे बाळाच्या घरून येणारी परतभेट. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत ना, तसंच काहीसं. फक्त इथे त्याचं मापही ठरलेलं आहे. मिळालेल्या भेटीच्या साधारण निम्म्या ते एक तृतीयांश किमतीची वस्तू, बाळाच्या नावाने, जन्मानंतर महिन्याभराच्या सुमारास पाठवायची.

आता हिशोब करा. तुम्ही प्रेमाने १५,००० येनची भेट दिलीत. म्हणजे त्या घराला ५,००० ते ७,५०० येनची वस्तू शोधून तुम्हाला पाठवणं आलं. कोण शोधणार? रात्र रात्र जागणारे ते आईबाप! तुमची भेट जितकी महाग, तितकं त्यांचं ओझं मोठं. म्हणून जपानी बाळंतविडा निवडताना पहिला प्रश्न ‘मी किती देऊ शकतो’ हा नाही. ‘त्यांना किती झेपेल’ हा आहे.

किती?

सहकाऱ्यासाठी ३,००० ते ५,००० येन पुरे. मित्र असेल तर ५,०००, फार जवळचा असेल तर १०,००० पर्यंत. त्याहून मोठ्या रकमा आजी-आजोबा, काका-मामांसाठी सोडून द्या. ऑफिसात सगळ्यांनी मिळून वर्गणी काढणं तर सगळ्यात उत्तम. मग परतभेट म्हणून सुटी सुटी पाकिटं असलेला खाऊचा एक डबा ऑफिसात आला की काम झालं. रोख देत असाल तर नोटा कोऱ्या हव्यात, आणि रकमेत ४ किंवा ९ नको. ४ चा एक उच्चार ‘शी’, तोच मृत्यूचाही. ९ चा ‘कु’, तो दुःखाचा.

कधी आणि कुठे?

बाळ जन्मायच्या आधी अजिबात नाही. हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडेही बऱ्याच घरांत आधी झबलंसुद्धा आणत नाहीत. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत हे कळलं, की मगच द्यायचं. सातव्या रात्री ‘ओशिचिया’ होते, तेव्हा बाळाचं नाव कागदावर लिहून घरात लावतात. पुढे महिन्याभराने बाळाला पहिल्यांदा देवळात नेतात, ती ‘ओमियामाइरी’. या दोन दिवसांच्या मधला काळ भेटीसाठी चांगला.

आणि एक गोष्ट अगदी आपल्यासारखी आहे, बरं का. जपानमध्येही बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आहे. तिला ‘सातोगाएरी’ म्हणतात. त्यामुळे परस्पर कुरियर करू नका. तुमचं पार्सल बंद दारासमोर जाऊन परत यायचं! आधी विचारा, ‘कुठे पाठवू? कधी पाठवू?’ आणि बाळ बघायला लगेच धावू नका. बोलावणं येऊ द्या.

काय?

कपडे घेणार असाल तर मापाची गंमत समजून घ्या. जपानी मुलांच्या कपड्यावरचा आकडा म्हणजे उंची, सेंटिमीटरमध्ये. नवजात बाळाला ५० ते ६० चं माप. पण ते कपडे घरात आधीच ढिगाने असतात आणि दोन-तीन महिन्यांत आखूडही होतात. तुम्ही ८० चं घ्या, ते साधारण वर्षाच्या सुमाराला होतं. फक्त ऋतू मोजा. जूनमधल्या बाळाला ८० चं माप पुढच्या उन्हाळ्यात येणार, तेव्हा अर्ध्या बाहीचं सुती घ्या. डिसेंबरच्या बाळाला जाड आणि पूर्ण बाहीचं.

मापाची भानगडच नको असेल तर टॉवेल. शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातलं इमाबारी हे गाव टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे. तिथे एक सोपी कसोटी लावतात. टॉवेलचा छोटा तुकडा पाण्यावर टाकला, की पाच सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे. म्हणजे तो पाणी किती पटकन शोषतो ते कळतं. बाळाला अंघोळीनंतर पुसायला असाच हवा ना? सहा पदरी मलमलीसारख्या ‘गाझे’ कापडाची पांघरुणंही छान. आपल्या दुपट्याची जपानी बहीणच म्हणा. त्यावर ‘आसानोहा’ म्हणजे हेम्पच्या पानांची नक्षी दिसली तर जरूर घ्या. हे झाड सरळ आणि भराभर वाढतं, तसंच बाळही वाढावं, असा तिचा अर्थ.

काय नको? सुरी-कात्री नको, त्यात नातं कापण्याचा अर्थ निघतो. ग्रीन टीही नको, कारण अंत्यविधीनंतरच्या परतभेटीत तो नेहमी दिला जातो. आणि हिना बाहुल्या किंवा कोइनोबोरी, म्हणजे माशांच्या आकाराच्या पताका, यांच्या वाटेला जाऊ नका. तो सहसा आजी-आजोबांचा मान.

शेवटची गाठ

दुकानात भेट बांधून घेताना ‘शुस्सान-इवाई’ एवढं सांगितलंत तरी पुरे. वरच्या ‘नोशी’ कागदावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ असते. बाळासाठी ती ‘चो-मुसुबी’ हवी. चो म्हणजे फुलपाखरू. ही गाठ सुटते आणि पुन्हा बांधता येते, कारण बाळ होण्याचा आनंद पुन्हा पुन्हा यावा. लग्नाची गाठ मात्र न सुटणारी असते. ती चुकून बाळाच्या भेटीवर नको!

आत एक चिठ्ठी ठेवा. आधी आईची विचारपूस, मग बाळाचं कौतुक, आणि शेवटी एक ओळ, ‘परतभेटीची काळजी करू नका.’ तरीही परतभेट आलीच, तर आनंदाने घ्या आणि मिळाल्याचं लगेच कळवा. त्या डब्यावर बाळाचं नाव असेल. तुमची आणि त्याची ओळख तिथूनच सुरू होते.