अमेरिकेचा बोलपट आणि पेणचे विष्णुपंत दामले

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पेण आणि रोहे हे दोन तालुके मुंबईस जितके जवळ तितकेच अडवळणाचे. पेणचा माणूस धरमतर गाठून बोटीने मुंबईस जाई, आणि रोह्यापर्यंत आगगाडी पोहोचण्यास तर 1986 साल उजाडावे लागले. या मुलखाने बाहेरच्या जगास काय दिले याचा विचार निघाला म्हणजे रोह्याचे चिंतामणराव देशमुख आणि पेणच्या गणेशमूर्ती यांचा उल्लेख आपोआप होतो. परंतु 1892 साली पेण येथे जन्मलेल्या विष्णुपंत गोविंद दामले यांचे नाव मात्र तेथे क्वचितच ऐकू येते, आणि जेथे येते तेथेही ते ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक एवढ्याच नात्याने. अमेरिकेत जन्मलेली बोलपटाची विद्या मराठी मातीत रुजविणाऱ्या मोजक्या कारागिरांत त्यांची गणना व्हावयास हवी, असे माझे ठाम मत आहे.

ही विद्या आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. 6 ऑक्टोबर 1927 रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्नर बंधूंचा ‘द जॅझ सिंगर’ झळकला, तेव्हा त्यातील आवाज फिल्मवर नव्हता. तो सोळा इंची तबकडीवर होता, आणि एका रिळास एक याप्रमाणे ती तबकडी प्रक्षेपणयंत्राच्या गतीशी जुळवून फिरवावी लागे. फिल्म तुटली आणि जोडताना चार चौकटी गळाल्या की पुढच्या साऱ्या रिळात ओठ आणि शब्द यांची फारकत होई. म्हणून काही वर्षांतच ही रीत मागे पडली, आणि आवाजाचे प्रकाशात रूपांतर करून तो चित्राच्या शेजारीच फिल्मच्या काठावर उमटविण्याची रीत सर्वत्र मान्य झाली. तरीही मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत पाखरासारखा मोकळा फिरणारा कॅमेरा या नव्या व्यवस्थेत कैदी झाला, कारण त्याची घरघर ध्वनिग्राहकास ऐकू जाऊ नये म्हणून त्यास बंदिस्त खोलीत कोंडावे लागे, आणि नटांनीही लपविलेल्या ध्वनिग्राहकापासून दूर सरकू नये अशी सक्ती असे. रूबेन मामूलियन यांचा ‘अप्लॉज’ आणि किंग विडोर यांचा ‘हॅलेलुया’ या 1929 सालच्या चित्रपटांनी ती बेडी तोडण्याचे धाडस केले, हे त्या काळाचा इतिहास लिहिणाराने विसरू नये.

याहून मोठा पेच भाषेचा होता. मूकपटास भाषेची सरहद्द नव्हती; पाट्या बदलल्या की तोच खेळ कोठेही चाले, आणि म्हणूनच त्या काळी हिंदुस्थानातील पडद्यावर परदेशी, त्यांतही बहुतांशी अमेरिकन, चित्रांचीच सत्ता होती. आवाज येताच अमेरिकन मालाच्या वाटेत प्रथमच भिंत उभी राहिली, आणि ती ओलांडण्याकरिता पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळ जॉइनव्हील येथे कारखाना थाटून एकाच कथेच्या फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशा निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. ज्या शोधाने अमेरिकेने जग जिंकावयाचे ठरविले, त्याच शोधाने मराठीसारख्या भाषेस पडद्यावर स्वतःचे वतन मिळाले. इतिहासाचा हा न्याय मला अत्यंत आनंददायक वाटतो.

मुंबईत युनिव्हर्सल कंपनीचा अर्धा बोलका ‘शो बोट’ पाहून चित्रनिर्माते अर्देशीर इराणी यांच्या मनात हिंदुस्थानी बोलपटाची कल्पना आली. अमेरिकेहून ध्वनियंत्रासोबत आलेल्या विलफर्ड डेमिंग या तंत्रज्ञाकडून त्यांनी काम समजून घेतले, पुढे ध्वनिमुद्रण आपल्याच हाती घेतले, आणि जवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे चित्रण रात्री उरकून 14 मार्च 1931 रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लावला. त्या चित्रपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही.

दामले त्या वेळी कोल्हापुरात होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगविण्यापासून त्यांनी आरंभ केला, बाबूरावांनी घरच्या घरी कॅमेरा सिद्ध केला त्या उद्योगात ते मदतनीस होते, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांचे व शेख फत्तेलाल यांचे जे सख्य जुळले ते अखेरपर्यंत टिकले. 1929 साली हे दोघे, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी मिळून प्रभात फिल्म कंपनी काढली. बोलपट ही चार दिवसांची हौस ठरेल असे शांतारामांसारख्या चतुर माणसासही प्रथम वाटले होते; पण काळाची निकड ओळखून प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हाती घेतला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी पत्करली. पडदे रंगविणाऱ्या हातांनी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, प्रकाशाच्या रेघांत आवाज पकडण्याचे शास्त्र शिकून घ्यावे, ही गोष्ट मला त्यांच्या पुढील कीर्तीहूनही अधिक मोलाची वाटते. 1932 साली हा चित्रपट मराठीत आणि हिंदीत निघाला. जॉइनव्हीलच्या कारखान्यात जे अफाट खर्चाने चालले होते, ते येथे गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांच्याच मुखातून दोन भाषांत साधले गेले.

पुढे प्रभात पुण्यास आली, आणि 1936 साली दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागून वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील निवडक चित्रपटांत त्याचा गौरव झाला. हा चित्रपट डोळे मिटून ऐकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पण येथे त्यांचे गाणे मैफलीचे मुळीच नाही, ते चालता बोलता, काम करता करता उमटते. गौरीबाईंनी उभ्या केलेल्या तुकोबांच्या पत्नीचा, जिजाईचा संताप म्हणजे तर अस्सल घरातला, मुलांच्या भुकेतून आलेला आवाज. पोर आजारी पडले म्हणून ती वहाण घेऊन देवळात देवास जाब विचारावयास निघते, तेव्हा संवाद लिहिलेला आहे असे वाटतच नाही. आणि तुकोबांची पदे स्वतःच्या नावावर खपविणारा सालोमालो तोंड उघडतो, की त्याचा खोटेपणा शब्दांआधी स्वरातच कळतो. हा भेद पाटी लिहून दाखविता येत नाही. तो कानासच दाखवावा लागतो, आणि तो दाखविणारा दिग्दर्शक आधी ध्वनिमुद्रक होता. अमेरिकेतही ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ सारख्या संगीतपटांचा थाट ऐन बहरात असताना, आवाजाचा इतका साधा आणि इतका नेमका वापर अन्यत्र विपुल आढळत नाही.

‘गोपाळ कृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ ही त्यांची पुढली कामगिरी. 5 जुलै 1945 रोजी दामले निवर्तले. प्रभातच्या पुण्यातील वास्तूतच 1960 साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून आजही तेथे शिकविला जातो.