भिंतीवरची बाग

आपल्याकडे मोझॅक म्हटले, की नजर आधी पायाखाली जाते. जुन्या सोसायट्यांमधली ठिपक्याठिपक्यांची लादी, नाहीतर गच्ची गळू नये म्हणून बसवलेले पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे. इमारतीच्या आत, भिंतीवर, एखाद्या घराएवढे मोझॅक उभे असेल, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

मी ते पाहिले फिलाडेल्फियात. मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा इतरांसारखाच इंडिपेंडन्स हॉल पाहायला निघालो. त्याच्या जवळच कर्टिस या प्रकाशन संस्थेची जुनी इमारत आहे. तिच्या दिवाणखान्यात शिरलो, तर समोर बागच! डोंगर, वेडीवाकडी झाडे, फुलांचे ताटवे, आणि सगळ्यावर सांज उतरल्यासारखा सोनेरी उजेड. जवळ गेलो, की बाग विरते आणि उरतात नुसते काचेचे तुकडे.

हे ‘ड्रीम गार्डन’. लांबी ४९ फूट, उंची १५ फूट. काचेचे तुकडे एक लाखाहून अधिक, रंगछटा सुमारे २६०. ‘लेडीज होम जर्नल’ या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकाचे संपादक एडवर्ड बोक यांना या भिंतीसाठी चित्र हवे होते. एडविन अ‍ॅबी, हॉवर्ड पाइल, बुते द मोन्वेल अशा एकामागून एक तीन चित्रकारांकडे ते गेले. पण काम पुरे होण्याआधीच तिघेही वारले. दुसरा कोणी असता, तर भिंत पांढरी रंगवून मोकळा झाला असता. बोक यांनी मॅक्सफील्ड पॅरिश यांच्याकडून चित्र करवून घेतले आणि लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्याने ते काचेत उतरवले. सुमारे तीस कारागीर त्यावर राबले.

एवढे मोठे चित्र भिंतीवर चढवायचे, तर ते आधी फलकांत तोडावे लागते. इथे चोवीस फलक झाले आणि ते बसवायलाच सहा महिने लागले. १९१६ मध्ये काम पुरे झाले. सहा महिने कशाला, असे वाटेल. पण कोणत्याही गवंड्याला विचारा. भिंत ओळंब्यात हवी, कोरडी हवी, वजन पेलणारी हवी. खालचा फलक सुतभर कलला, की वरचा बोटभर चुकतो. दोन फलकांमधला सांधा झाडाच्या बुंध्यात किंवा खडकाच्या कडेला लपला नाही, तर बागेला उभी भेग पडल्यासारखी दिसते. कारागिराचे कसब हेच, की आपण जोडलेले आहे हे कोणाला कळू नये.

मी तीस वर्षे बँकेत काढली. तारणाची मालमत्ता तपासताना आमचा पहिला प्रश्न असे : हे स्थावर की जंगम? भिंतीला कायमचे जोडलेले ते इमारतीचे, उचलून नेता येते ते मालकाचे. या बागेने तोच प्रश्न फिलाडेल्फियासमोर उभा केला. जी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी चढते, ती तुकड्यातुकड्यांनी उतरवताही येईल, असे कोणाच्या तरी मनात येतेच. इमारतीच्या मालकाच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, हे चित्र लास व्हेगासच्या एका कॅसिनोमालकाला विकायचे घाटले. आकडा होता सुमारे ९० लाख डॉलर्स.

शहर खडबडून जागे झाले. कलावंत, अभ्यासक, साधी माणसे रस्त्यावर आली. ग्राहकाने माघार घेतली. महापालिकेच्या वारसा आयोगाने त्या चित्राला ‘ऐतिहासिक वस्तू’ म्हणून संरक्षण दिले. एखाद्या वस्तूला असा दर्जा मिळण्याची त्या शहरातली ही पहिलीच वेळ. मालकपक्षाने हरकत घेतली, वाद चालला. अखेर २००१ मध्ये प्यू या धर्मादाय न्यासाने ३५ लाख डॉलर्स दिले, त्यातून पेनसिल्व्हेनियाच्या ललित कला अकादमीने चित्र घेतले आणि बाग आपल्या भिंतीवरच राहिली.

हिशेबाच्या वहीत हा व्यवहार ५५ लाखांच्या तोट्याचा दिसेल. पण रोज त्या दारातून जाणाऱ्या, तिकीट न काढता क्षणभर थबकणाऱ्या माणसांचा रकाना कोणत्याच वहीत नसतो.

आपल्या शहरांत आता जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. पाडकामाआधी मोडीची यादी होते : दारे, खिडक्या, ग्रिल, लिफ्ट, तांब्याच्या तारा. सगळ्याला भाव असतो. तळमजल्याच्या भिंतीवर कोणी वर्षभर खपून बसवलेले चित्र असेल, तर ते मात्र ‘डेब्रिज’मध्ये जाते. तुमच्या कचेरीत, शाळेत, नाट्यगृहात असे एखादे असेल, तर यादी होण्याआधी एकदा त्याच्यासमोर उभे राहा. आणि बरोबर चार माणसांना घेऊन जा.