मागच्या खोलीतली बाई

कुणाला टीबी, म्हणजे क्षयरोग झाला की घरात पहिल्यांदा काय होतं? ताट-तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं, लेकरं आजीकडे आणि बाई मागच्या खोलीत. पुरुष आजारी पडला तर त्याची खाट ओसरीवरच राहते, हेही आम्ही पाहतो. साध्या टीबीचं औषध सहा महिने चालतं, म्हणून बाईनंही सहा महिने बाजूला बसायचं, असा हिशेब लोक लावतात. तो चुकीचा आहे.

फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेत जातात. ताटातून, कपड्यातून, हात लावल्यानं तो पसरत नाही. नेमानं गोळ्या सुरू झाल्या की बहुतेकींच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांत लागण होण्याची भीती खूप कमी होते. साध्या औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर जास्त दिवस लागतात. म्हणून बाजूला किती दिवस राहायचं ते डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको. बाळ अंगावर पीत असेल तर तोंडाला मास्क किंवा पदर बांधून पाजता येतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या.

आता ते दिवस काढायचे कसे? अंधारी खोली सगळ्यात वाईट. तिथं जंतूही टिकतात आणि मनही खचतं. खाट खिडकीशी किंवा पडवीत टाका. थुंकी झाकणाच्या डब्यात. सकाळी उठणं, अंघोळ, गोळी, जेवण यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, कारण दिवसभर पडून राहिलं की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि नको ते विचार रात्रीच येतात. अंगात बळ येईल तसं हाताला काम द्या. लसूण सोलणं, गोधडीचे टाके, लेकराचा अभ्यास लांबून घेणं. धान्य पाखडायला बसवू नका, धुळीनं खोकला वाढतो. चुलीच्या धुरापासूनही लांब ठेवा. दर महिन्याला वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. आकडा चढताना दिसला की आपण बरे होतोय हे तिचं तिलाच कळतं. गोळ्यांनी लघवी लालसर होते, त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच आशाताईंना सांगायचं.

आणि माणसं हवीत. अंगणात, मोकळ्या हवेत, चार हात लांब बसून गप्पा मारल्यानं कुणाला काही होत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्याच घरात कोंडलो होतो. तेव्हा माहेरचा एक फोन आला तरी किती बरं वाटायचं, आठवतं ना? जाऊबाईंनी, नणंदेनं रोज एकदा दारात येऊन "काय गं, आज जेवलीस का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. ती बोलेनाशी झाली, जेवण टाकू लागली, जगून काय करू म्हणू लागली, तर नाटकं समजू नका. तिला एकटी सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

गटाच्या बायांना आमचं वेगळं सांगणं आहे. तिची बचत दुसरीच्या हाती घ्या, वहीतलं नाव तसंच ठेवा, बैठक झाडाखाली भरवून तिला बोलवा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये मिळतात, ते खात्यात येतात का ते एकीनं बघावं. बँकेचं पासबुक आणि आधार कार्ड घेऊन आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात गेलं की चौकशी होते. तिला बरं नसेल तर गटातल्या कुणीतरी सोबत जावं.