फोर बाय फोर गाडीला वेगळ्या मापाची स्टेपनी चालते का?



"पिकअपचे चारही टायर मोठ्या मापाचे घातले, स्टेपनी तेवढी जुनीच आहे. चालतंय की?" असं दोन-तीन सभासदांनी विचारलंय. आधी उत्तर सांगतो. फोर व्हील न टाकता, हळू, पंक्चरवाल्यापर्यंत चालतंय. फोर व्हील टाकून डांबरी रस्त्यावर अजिबात नाही.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त येतो, कारण उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी मागं सरतं आणि गाडी गाळातून पार काठापर्यंत न्यावी लागते. तीच गाडी कटला, रोहू आणि बर्फाचे खोके भरून हत्तरगीला हायवेला लागते, आणि संकेश्वर, तवंदी घाट करत निपाणी गाठते. एकाच फेरीत गाळ पण आणि डांबर पण.

आता माप बघू. टायरच्या बाजूला २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, आणि १५ इंचाची रिम. २३५/७५ आर १५ पण त्याच रिमवर बसतो, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही एकच. पण पहिल्याची उंची साधारण ७०३ मिलिमीटर, दुसऱ्याची ७३३. एका किलोमीटरला लहान चाक जवळपास ४५२ फेरे घेतं, मोठं ४३४. बेळगाव ते निपाणी ७० किलोमीटर धरलं तर फरक १,२००-१,३०० फेऱ्यांचा होतो.

हा फरक कुठं जातो? वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते सांभाळायला हौसिंगमध्ये डिफरन्शियल असतो. एका बाजूला लहान चाक लावलं की गाडी सरळ चालली तरी डिफरन्शियलच्या दृष्टीनं ती सारखी वळणातच आहे. आतले छोटे गिअर एरवी सरळ रस्त्यावर जवळजवळ निवांत असतात, ते आता अखंड फिरत राहतात, ऑइल तापतं. पाच-दहा किलोमीटरला काही होत नाही, पण भरल्या गाडीनं रोज असंच चालवलं तर हौसिंग बोलायला लागतं. मागच्या हौसिंगमध्ये लॉकिंग डिफरन्शियल असेल तर त्रास आणखी लवकर.

फोर व्हील टाकल्यावर गोष्ट वेगळी होते. लीव्हरवाल्या गाड्यांत ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधून टाकतो, मध्ये डिफरन्शियल नसतो. दोन्ही शाफ्ट एकाच गतीनं फिरलेच पाहिजेत. एक चाक लहान असलं की ते जमत नाही, आणि कुठलं तरी चाक घसरल्याशिवाय सुटका नाही. गाळात चाक घसरतं, ताण निघून जातो. डांबरावर घसरत नाही, मग ताण साखळी, गिअर, जॉइंट यांच्यात साठत जातो. स्टेअरिंग जड होतं, गाडी उड्या मारल्यासारखी चालते, लीव्हर फोरमधून निघत नाही. असं झालं तर लीव्हरवर जोर काढू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागं घ्या किंवा कडेच्या मातीत चाकं उतरवा, लीव्हर सुटतो.

काठावरच पंक्चर झालं आणि वेगळ्या मापाची स्टेपनीच हाताशी असेल तर? गाळातून निघण्यापुरतं फोर व्हील टाका, स्टेअरिंग शक्यतो सरळ ठेवा, आणि कडक रस्ता लागायच्या आधी टू व्हीलवर या. मागचं चाक गेलं असेल तर थोडा घाम गाळावा लागतो: पुढचं चांगलं चाक मागं लावा आणि स्टेपनी पुढं. टू व्हीलमध्ये ओढ मागच्या चाकांवर असते, म्हणून मागची जोडी सारखी हवी. पुढं वेगळं चाक असलं की गाडी लहान चाकाकडं ओढते, ब्रेकलाही. घाट असेल तर माल दुसऱ्या गाडीत टाकलेला बरा. बर्फ वितळेल ही भीती खरी आहे, पण तवंदी घाटात भरली गाडी एका बाजूला ओढायला लागली तर मासळीचा हिशोब कोण करणार?

काही नव्या एसयूव्हींत लीव्हरच नसतो, गाडी स्वतःच चारही चाकांना ओढ देते. त्यांच्यासाठी कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय तेच धरा.

माप एक असलं तरी झीज बघा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ च्या खाली टायर वापरायचाच नाही. कोरी स्टेपनी आणि गुळगुळीत झालेला टायर यांच्या उंचीत १२ मिलिमीटरपर्यंत फरक पडतो. म्हणून टायर फिरवताना चार नाही, पाच फिरवा. शंका असेल तर दोन्ही चाकं काढून, हवा सारखी भरून, खडूची खूण करून अंगणात एक-एक फेरा लोळवा आणि टेप लावा. सांगितलेलं पटत नसेल तर टेप पटवतो.

सेकंडहँड स्टेपनी घेताना मापापुढचा आकडा पण वाचा. १०० म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, ९७ म्हणजे ७३०. कारचा टायर पिकअपला बसला म्हणून तो मासळी पेलेल असं नाही. आणि शेवटचे चार अंक बघा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी दिसली तरी गाडीखाली लटकून रबर कडक झालेलं असतं.

स्टेपनीचं माप वाचता येत नसेल तर चिखल पुसून, आकडे दिसतील असा फोटो कमेंटमध्ये टाका. सोबत चालू टायरचा पण टाका, नुसत्या स्टेपनीवरून सांगता येत नाही.