पळसाचा रंग, चुन्याची भिंत

फाल्गुन लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात माळावर पळस फुलतो, बांधावर पांगारा लाल होतो. करडईचा फुलोरा त्याआधीच होऊन गेलेला असतो. चैत्रात कडुनिंबाला पांढुरका मोहर येतो आणि पुढे भर उन्हात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. पाडव्याच्या तोंडावर आपण घराला रंग काढतो. दुकानातले कार्ड बघण्याआधी या झाडांकडे बघावे, असे आम्हाला वाटते.

पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसते. करडी फांदी आणि मागे मोकळे आभाळ, म्हणून ते केशरी लांबून उठून दिसते. घराचेही तसेच. चारही भिंती भडक केल्या तर खोली लहान वाटते, डोळे शिणतात. भिंती निंबाच्या मोहरासारख्या पांढुरक्या ठेवा आणि पळसाचा रंग कोनाड्याला, चौकटीला द्या. करडईचे फूल आधी पिवळे, सुकताना केशरी-तांबडे होते. हे रंग शेजारी शोभतात. वाकळ शिवताना, उशीचे अभ्रे करताना तसेच तुकडे जोडा.

पांढुरक्या भिंतीचे दुसरे कारण ऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरे पडली, माणसे गेली. पुढे सिमेंटची घरे आली. जीवाला आधार मिळाला, पण जाड भिंतीचा गारवा गेला. पातळ भिंत आणि स्लॅब लवकर तापतात. उन्हाळ्यात दुपारी घरात असतात त्या म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि लेकरे. गडद रंग ऊन पितो, पांढरा ते परतवतो. म्हणून बाहेरच्या भिंतींना आणि स्लॅबवरही चुना द्या.

पळसाची फुले उकळून रंगपंचमीचा रंग होतो, पण तो चुन्यात घालू नका. चुन्यात फुलांचे रंग बदलतात, उडतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपण जाणतोच. चुन्यात मातीचे रंग टिकतात. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी घ्या. पांढरा स्वच्छ दिसावा म्हणून चिमूटभर नीळ घाला.

चुना भिजवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, मग चुनकळी थोडी थोडी सोडा. पाणी उकळते, म्हणून लेकरांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, फडक्याने गाळा, थोडा भिजवलेला डिंक मिसळा. भिंत ओली करून पातळ दोन-तीन हात मारा. डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. ऑइल पेंटच्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही.

ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर फिका होतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात हातभर लावून बघा, दिवसा आणि रात्री दिव्याच्या उजेडातही. गटातल्या चौघींनी मिळून चुना आणला तर गाडीभाडे वाटले जाते आणि एकमेकींच्या भिंतीला हातही लागतो.