खून, तपास आणि आपण बायका

दुपारची धुणीभांडी उरकली, पोरं शाळेत गेली, म्हातारी माणसं जरा आडवी झाली की घरातल्या बाईला एखादा तास स्वतःचा मिळतो. या तासात ती काय बघते? सगळ्यांना वाटतं, सासू-सुनांच्या मालिका नाहीतर पाककृती. बचत गटाच्या कामानिमित्त मी गडहिंग्लजमधल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बऱ्याच घरांत जाते. दुपारी गेलं तर टीव्हीवर हमखास कुठलातरी खून पडलेला असतो! 'सीआयडी'चा जुना भाग, नाहीतर 'क्राइम पेट्रोल'. मी आत शिरले की बाई लगबगीनं रिमोट शोधते. "लागलंय तेवढंच ओ, बघत कोण बसतंय," असं म्हणते. आणि पाचच मिनिटांनी चहा गाळता गाळता सांगते, "खून दिरानं केलाय बघा. मी पहिल्या जाहिरातीलाच वळाकलो हुतो."

मला प्रश्न पडतो तो या लाजण्याचा. बाईमाणसानं खून-दरोड्याच्या गोष्टी आवडीनं बघणं म्हणजे काहीतरी वंगाळ, असं आपल्या मनावर बिंबवलंय. खरं तर ही आवड आजची नाही आणि ती आपल्या एकट्या-दुकट्याचीही नाही.

आपल्या आई-आजीच्या पिढीत टीव्ही नव्हता, पण बाबूराव अर्नाळकर होते. या गृहस्थांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं गावोगावच्या वाचनालयांत दुमदुमली. १९९६ साली ते गेले, तोवर मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्यावर पोसल्या होत्या. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. 'दुनियादारी' लिहिणारे शिरवळकर ते हेच. फिरोज इराणी हा त्यांचा नायक आमच्या कॉलेजच्या दिवसांत पोरींच्या दप्तरातही असायचा, फक्त वर इतिहासाच्या पुस्तकाचं कव्हर घातलेलं असायचं. शहाण्यासुरत्या मंडळींनी या पुस्तकांना साहित्य म्हटलं नाही. पण जेमतेम चौथी-पाचवी शिकलेल्या कितीतरी बायकांना सलग वाचायची सवय लागली ती या चिंध्या झालेल्या पुस्तकांमुळे, हे विसरून कसं चालेल?

पोरांसाठी चित्रांची दुनिया वेगळी होती. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि १९९० साली बंद पडलं. त्यातला वेताळ आणि जादूगार मँड्रेक परदेशी, पण १९७६ साली आबिद सुरतींनी त्यात बहादूर आणला आणि हिंदी मुलखातले डाकू, तिथली गावं, तिथली धूळ चित्रांत उतरली. बहादूरची गोष्ट मला आजही मोठी वाटते. त्याचा बाप डाकू. पोलिसांच्या गोळीनं मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्यानं बापाला मारलं, त्यानंच या पोराला वाढवलं आणि पोरगा गावाचं रक्षण करायला उभा राहिला. त्याच्या जोडीला बेला होती, तीही मारामारीत मागं न हटणारी. मामाच्या घरच्या माळ्यावर सापडलेले ते जुने अंक आम्ही बहिणींनी पानं सुटेपर्यंत वाचले. गुन्हेगाराचं रक्त म्हणून पोर गुन्हेगार होत नाही, हे एवढ्या सोप्या शब्दांत आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

मग दूरदर्शन आलं. गाजर चावणारा 'करमचंद' १९८५ सालचा. १९९३ साली बासू चटर्जींनी 'ब्योमकेश बक्षी' आणला. धोतर नेसणारा, शांत बोलणारा हा बंगाली बाबू स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे, सत्यान्वेषी म्हणवून घेई. मराठीत 'एक शून्य शून्य' होती, पोलिसांच्या फोन नंबराचंच नाव घेतलेली. ती करणाऱ्या बी. पी. सिंग यांनीच पुढे २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर 'सीआयडी' सुरू केली. आपल्या शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणाला की घरातलं लहान पोरसुद्धा बोटं फिरवायचं. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केला आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. वीस वर्षं चालून २०१८ साली थांबलेली ही मालिका डिसेंबर २०२४ मध्ये परतही आली. झी मराठीवर २०१४ साली आलेल्या 'अस्मिता'त तर गुप्तहेर स्वतः बाईच होती.

एवढं आपण का बघतो? मला वाटतं, पहिलं कारण साधं आहे. बाईचं आयुष्य अर्धवट राहिलेल्या गोष्टींनी भरलेलं असतं. कुणी का टाकून बोललं, जमिनीच्या कागदावर कुणाची सही कशी आली, लग्नातले दागिने गेले कुठं, यांची उत्तरं मिळत नाहीत. गुन्हेकथेत मात्र तासाभरात उत्तर मिळतं आणि खोटं बोलणारा सगळ्यांसमोर उघडा पडतो. त्यानं जिवाला गार वाटतं.

दुसरं कारण, आपल्याला बारकं दिसतं. इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्तीबाईंनी मिस मार्पल नावाची एक म्हातारी उभी केली. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. ही बाई खेड्यात राहते, लोकरीचं विणकाम करते आणि शेजारपाजारच्या माणसांकडे नीट बघते, बस्स. पोलिसांना न सापडलेला खुनी तिला सापडतो, कारण माणूस कसा वागतो हे तिला गावातच समजलेलं असतं. आपल्या प्रत्येक गल्लीत अशी एक आक्का असतेच की! कुणाच्या दारात कुणाची मोटरसायकल किती वेळ उभी होती, कुणाकडं दूध कमी झालंय, कुणाची सून माहेराहून परत आली नाही, हे तिला ठाऊक असतं. आपण तिला चोंबडी म्हणतो. गोष्टीतल्या आक्काला मात्र डोक्यावर घेतो.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण अर्नाळकरांची गोष्ट आणि 'सत्य घटनेवर आधारित' गोष्ट यांत एक फरक आहे. पहिलीत मेलेलं माणूस कागदाचं असतं, दुसरीत ते कुणाच्यातरी घरचं असतं.

आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांचं प्रकरण १९९६ साली उघडकीला आलं. चोऱ्या करताना आड म्हणून वापरायला लहान मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची, असं ते भयंकर कृत्य. त्यावर पुस्तकं, कार्यक्रम, व्हिडिओ किती निघाले! सगळ्यांत चर्चा त्या तिघींचीच, बाईची जात असून असं कसं केलं म्हणून. ती मुलं कोण होती? त्यांतली काही तर रस्त्यावर पोट भरणाऱ्यांची होती. त्यांच्या आया कुठं असतील, याचं कुणाला काय?

आणि ही साखळी तुटली कशी, तेही ऐका. कुणी एसीपी प्रद्युम्न आला नव्हता. अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी नाहीशी झाली, तेव्हा त्या आईला संशय आला आणि तिनं तो पोलिसांना सांगितला. तिच्या संशयामुळे तपास या तिघींपर्यंत पोचला. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. कोल्हापूरच्या न्यायालयानं दोघी बहिणींना २००१ साली फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला, आणि अर्जाच्या निकालाला झालेल्या उशिरामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ. टीव्हीवर हेच पाऊण तासात, जाहिरातींसकट उरकतं.

दुसरं उदाहरण वाईचं. २०१६ साली तिथल्या एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. मेलेल्यांत पाच बायका. २०२० साली झी मराठीवर 'देवमाणूस' लागली, ती या प्रकरणावरून सुचलेली म्हणून गाजली. मालिका लोकांनी उचलून धरली, आमच्याकडंही रात्री ती लागली की कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दबकत व्हायच्या. नट चांगले होते, गोष्ट पकड घेणारी होती, त्यात वाद नाही. पण एकदा मीटिंगमध्ये एका मुलीनं विचारलं, "काकी, त्या डॉक्टरचं नाव सगळ्यांस्नी पाठ हाय, मेलेल्या बायकांतल्या एकीचं तरी कुणाला ठावं हाय काय?" सगळ्या गप्प. मेलेल्या बाईचं नाव चघळावं असं मी म्हणत नाही. पण बघताना तिच्या घरच्यांची आठवण तरी असावी. आपल्याच ओळखीत असं घडलं असतं, तर संध्याकाळी भजी तळून बघितलं असतं का, एवढा प्रश्न पुरे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या कथा आपल्याला संशय घ्यायला शिकवतात. पण तो घ्यायचा कुणावर?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं, ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाईलवर फिरत होते. त्या दिवशी बाजारात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावानं मारून मारून संपवलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली माणसं. त्यांनी कुणाचंही पोर पळवलेलं नव्हतं. संशय तोच होता, आईचं काळीजही तेच होतं, पण नाशिकच्या त्या आईनं पोलिसांकडं धाव घेतली आणि इथं लोकांनी हातात काठ्या घेतल्या. आपल्या गल्लीत बोहारीण आली, मदारी आला, परप्रांतातला फुगेवाला आला की आपण पोरं आत घेतो. घ्या, पोर सांभाळणं चूक नाही. मात्र मोबाईलवरचा फोटो पुढं ढकलण्याआधी हात थांबवा.

कारण खऱ्या आयुष्यातला गुन्हेगार बहुतेक वेळा परका नसतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दर शंभरांत नव्वदहून जास्त वेळा आरोपी बाईच्या ओळखीतला असतो, हे सरकारी अहवाल दरवर्षी सांगतात. नवरा, नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. गोष्टीतला खून करणारा दीर तुम्ही पहिल्या जाहिरातीला ओळखता ना? मग भिंतीपलीकडे रोज रात्री भांडी आदळतात, मे महिन्याच्या उकाड्यात शेजारीण पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून पाण्याला येते, नळावर नजर वर करून बघत नाही, हे धागेदोरे नव्हेत का? अशा वेळी आपण "त्यांच्या घरातलं आहे" म्हणतो आणि आपल्या टीव्हीचा आवाज वाढवतो.

आमच्या गटातल्या एका बाईनं असं केलं नाही. पलीकडच्या सुनेच्या हातावरचे वळ तिनं तीन वेळा बघितले, तारखा पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आणि मला येऊन सांगितलं. सून आधी नाहीच म्हणाली. पंधरा दिवसांनी ती स्वतः आली. त्या तारखा पुढं फार उपयोगी पडल्या. वहीत लिहून ठेवायचं तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सीआयडीत बघितलंय की! पुरावा लागतोय."

हेच तर मला सांगायचंय. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा असं सांगतो की, संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं, त्या घरातलंच माणूस असावं लागत नाही. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे 'चोंबड्या' आक्काला कायद्यानं संरक्षण दिलंय! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत हेही स्पष्ट आहे की, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर स्वयंपाकघरात गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, दुपारी 'सीआयडी' लावा, खुशाल लावा. कुणी आलं म्हणून चॅनल बदलू नका. वाचनालयातून रहस्यकथा आणा, पोरींनाही वाचू द्या. खुनी आधी ओळखल्याचा तोरा मिरवा. फक्त मेलेलं माणूस खरं असेल, तर घटकाभर त्याच्या घरच्यांची आठवण ठेवा. आणि एवढी तयार झालेली नजर टीव्ही बंद केल्यावर मिटू नका. फुगेवाल्यावर तिचा काही उपयोग नाही. पलीकडच्या बंद दाराआड मात्र कुणीतरी तिची वाट बघत असेल.