मेंदू चपळ, हात संथ

गोदाकाठी सिंहस्थाच्या पर्वणीला किती माणसे आली, हे नुसत्या अंदाजाने सांगून भागत नाही. २००३ साली नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच तरुणांनी 'आशिओतो' नावाची चटई वाटेवर अंथरून पाहिली. आशिओतो म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईवर पाऊल पडले की आतले दाबमापक ते टिपतात, आणि कोणत्या वाटेवर दाटी होते आहे हे बंदोबस्तावरच्या मंडळींना कळते.

समजा, अशी एखादी चटई तुम्ही हौसेने घरी करायला घेतली. तिच्यात मेंदू कोणता बसवाल? कुणी चटकन म्हणेल, "घ्या की टेबलावरच्या संगणकातला जलद प्रोसेसर!" पण इथे जरा थांबायला हवे.

हौशी मंडळींच्या परिचयाच्या आर्दुइनो उनो बोर्डावर एक लहानसा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख, आणि कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. २०१३ साली इंटेल कंपनीने गॅलिलिओ बोर्ड काढला. त्यावर पेंटियमच्या घराण्यातला क्वार्क प्रोसेसर होता. ठोके ४० कोटी, स्मृती २५६ मेगाबाइट! मग उनोची काय कथा, असे वाटेल, नाही का?

गंमत पुढेच आहे. पहिल्या गॅलिलिओच्या बहुतेक पिना प्रोसेसरला थेट जोडलेल्या नव्हत्या. मध्ये एक निराळी चिप होती, आणि तिला निरोप जायचा तो दोन तारांच्या संथ वाटेने. त्यामुळे एक पिन चालू किंवा बंद करायला सुमारे २ मिलिसेकंद लागत. उनोला त्यासाठी काही मायक्रोसेकंद पुरतात. आता चटईवरची ६४ ठिकाणे एकामागून एक तपासायची म्हटली, तर गॅलिलिओचा सेकंदाचा आठवा हिस्सा तेवढ्यातच खर्ची पडतो. मग दाटीत लागोपाठ पडणारी पावले वेगळी ओळखायची कशी?

शिवाय संगणकी प्रोसेसरवर बहुधा लिनक्ससारखी कार्यप्रणाली चालते. तिच्यामागे दहा कामे. तुमच्या पिनेची पाळी नेमकी केव्हा येईल, याची हमी ती सहसा देत नाही. मायक्रोकंट्रोलर मात्र वीज मिळाली की आपल्या एकाच कामाला लागतो.

मग मोठा प्रोसेसर निरुपयोगी म्हणायचा का? छे! हिशेब ठेवणे, कॅमेऱ्याचे चित्र तपासणे, आकडे दूरवर धाडणे, ही त्याचीच कामे. म्हणून शहाणी रचना दोघांना एकत्र नांदवते. इंटेलच्याच २०१४ च्या एडिसनमध्ये अ‍ॅटम प्रोसेसरच्या जोडीला छोटा क्वार्क होता. लाट्टेपांडा बोर्डावर अ‍ॅटमशेजारी आर्दुइनो पद्धतीचा मायक्रोकंट्रोलर बसवलेला आहे. धाकट्याने पावले मोजावीत, आणि दर सेकंदाला बेरीज थोरल्याच्या हवाली करावी.

जोडणी करताना व्होल्टही पाहा. उनोच्या पिना ५ व्होल्टच्या, तर एडिसनच्या १.८ व्होल्टच्या. मध्ये पातळी बदलणारा भाग घातला नाही, तर चिप जळायची.

गॅलिलिओ आणि एडिसन, दोन्हींचे उत्पादन २०१७ साली थांबले. त्यांच्यापासून घ्यायचा धडा मात्र कामाचा आहे. बोर्ड निवडताना जाहिरातीतले ठोके मागाहून वाचा. चटईवर पाऊल पडल्यापासून आकडा हाती येईपर्यंत किती वेळ जातो, तो आधी मोजा. घाटाच्या अरुंद वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्याच वेळात वाट मोकळी करून द्यायची असते.